घरतांच्या सतरा बाटल्या

काशिनाथ घरत गेल्याचं मला पनवेलच्या भाजीबाजारात कळलं. आमच्या जुन्या दवाखान्यातला शिपाई भेटला. म्हणाला, दादांचं तेरावंही झालं, तुम्हाला कुणी कळवलं नाही का? हातातली पिशवी धरून मी तसाच उभा राहिलो. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता घरत कुणाला काही सांगणार नाहीत. वाईट वाटलं ते त्यानंतर... आज खोटं काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पनवेलजवळच्या एका गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो आणि घरत माझ्या हाताखाली पर्यवेक्षक. मी पुण्याचा, पदवीधर. ते विचुंब्याच्या शेतकरी घरातले, मॅट्रिकनंतर छोटा कोर्स करून नोकरीला लागलेले. जखम बांधायची, लस टोचायची, नोंदी ठेवायच्या, एवढंच त्यांचं काम. पण आलेला माणूस माझ्या खोलीवरून पुढे जायचा आणि त्यांना हाक मारायचा. गाढी नदीच्या काठाला डुकरं पाळणाऱ्यांची छोटी वस्ती होती. तिथली चंदाबाई मला तोंडावर म्हणाली होती, "तुमी बसा सायेब, ऊन लागंल. दादांना धाडा." मी हसून घेतलं. घरी जाऊन मात्र जेवलो नाही.

एका वर्षी पावसाळा संपल्यावर त्या वस्तीत स्वाइन फीवर शिरला. हा डुकरांचा ताप, विषाणूमुळे होणारा. माणसाला होत नाही. सुरुवातीला जनावरं चार-पाच दिवसांतच मरायची, कान जांभळे पडायचे. दोन महिन्यांनीही साथ चालूच होती, पण आता आजारी डुकरं तीन-तीन आठवडे रेंगाळायची. थोडं खायची, थोडं हिंडायची, आणि तेवढ्या काळात शेजारच्या गोठ्यात रोग पोचवायची. मला त्यात विशेष काही दिसलं नाही. घरत एकदा जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाले, "सायेब, रोग तोच हाय, पन पयल्यासारका ऱ्हायला नाय. वाटंत बदललाय तो." मी म्हटलं, विषाणू काय मामलेदार आहे, बदली व्हायला? कारकून हसला. घरतही हसले आणि जेवू लागले.

पण त्यांनी काम सोडलं नाही. मेलेल्या प्रत्येक डुकराच्या प्लीहेचा तुकडा ते वेगळ्या बाटलीत ठेवत होते. बाटलीवर चिठ्ठी... कुणाचं जनावर, कधी आजारी पडलं, किती दिवस टिकलं. फ्रीझरमध्ये सतरा बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाहेरगावच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंना पत्र लिहिलं, आणि त्यांचं उत्तर आलं. पाकिटावर नाव माझं नव्हतं. तरी ते मी आधी फोडलं. बाईंनी लिहिलं होतं, की हा विषाणू एका डुकरातून दुसऱ्यात जाताना स्वतःच्या नकला करतो आणि नकला करताना चुकतो. काही चुका टिकतात, पुढे जातात. नमुने क्रमाने असतील तर कुठली चूक कधी आली, रोग कुणाच्या गोठ्यातून कुणाकडे गेला, हे वाचता येईल. असा जपून ठेवलेला क्रम फार क्वचित मिळतो, घरत, तुमचं अभिनंदन... ते शेवटचं वाक्य मला आजही अक्षरासकट आठवतं. माझ्या सगळ्या नोकरीत तसं वाक्य मला कुणी लिहिलं नाही.

घरतांनी बाटल्या बर्फात घालून थर्मोकोलचं खोकं सुतळीने बांधलं आणि ते एका बैलाला बघायला गावात गेले. साथीचं नुसतं निदान करायचं असेल तर सगळे नमुने एकत्र वाटून एकच बाटली पाठवायची आमची रीत होती. तेवढ्याला तेवढं पुरतं. त्या दुपारी मी खोकं सोडलं, सतराही तुकडे खलात वाटले, एका बाटलीत भरले आणि खोकं पुन्हा बांधलं. कुणी विचारलंच तर रीत होती. मला मात्र पुरतं ठाऊक होतं, मी काय करतो आहे.

उत्तर यायचं तेच आलं. स्वाइन फीवर आहे. नमुने मिसळल्यामुळे पुढचं काही वाचता येत नाही. वरून विचारणा झाली तेव्हा मी लिहिलं, 'कर्मचाऱ्याच्या अनवधानाने.' खुलाशावर सही करायला घरत माझ्या टेबलाशी आले. सही केली, पेन ठेवलं आणि म्हणाले, "यष्टीत खोकं चढवताना बगितलं, सुतळीची गाठ माजी नवती. वाटलं, सायेबांनी तपासलं आसंल." मी कागद वाचत असल्यासारखं केलं. जाताना दारातून म्हणाले, "बाटल्यांची वळ मोडली, सायेब. आता पयला कोन आन् मागला कोन, कुनी सांगायचं?"

त्यानंतरही तालुक्यात साथी आल्या. घरतांनी पुन्हा एकही बाटली भरली नाही. माझ्याशी वागणं तसंच राहिलं, 'सायेब'ही सुटलं नाही. त्यांनी भांडावं असं मला फार वाटायचं.

गेल्या आठवड्यात विचुंब्याला गेलो. त्यांची मुलगी सुजाता खारघरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिने मला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. लोक अजून येऊन जात होते. माझ्यासाठी एवढे येतील का, हा विचार तिथेही मला सुटला नाही. मग तीच म्हणाली, "काका, बाबांच्या हातून त्या बाटल्या मिसळल्या गेल्या, असं ऑफिसातले सगळे म्हणायचे. मी विचारलं की ते विषय बदलायचे. विषाणू कसे बदलतात हे मी रोज शिकवते, म्हणून तुम्हाला विचारते."

मी सांगितलं. सगळं.

ती म्हणाली, "म्हणजे ते बरोबर होते की नाही, हे आता कळणारच नाही."

"नाही," मी म्हटलं.

"मग लिहा. त्यांचं कौतुक नको, ते सगळेच लिहितात. तुम्ही काय केलंत ते लिहा."

ती चहा आणायला आत गेली. खुर्चीच्या दोन्ही हातांवरचा वेत तळव्यांनी घासून गुळगुळीत झाला होता आणि डाव्या हाताला चष्मा अडकवायचा तारेचा आकडा होता. कुणाची खुर्ची, ते तेव्हा लक्षात आलं. मी उठलो. चहा उभ्यानेच घेतला. तिनेही बसा म्हटलं नाही.