हगवण फुकट, सोबत महाग

हगवण हा काही मोठा रोग नाही. माणूस दोन दिवस पळतो, तिसऱ्या दिवशी पेज पिऊन धानाच्या बांधीत कामाला जातो. मी चार वर्गही धड शिकलो नाही, पण एवढं मला कळतं. माझा साळा मॅट्रिक आहे, त्याला कळत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरलं आणि मला हगवण लागली. उलट्याही झाल्या. दुपारपर्यंत उभं राहवेना, तेव्हा दवाखान्यात जाऊ, असं मीच बायकोला म्हटलं. दोघं एस.टी.नं गेलो असतो. पण साळा गावातलाच. त्यानं भाड्याची गाडी बोलावली आणि तीत आठ माणसं कोंबली. रोग्याला जागा दाराजवळ.

"इतके लोक काऊन?" मी विचारलं.

"भाऊजी, तुमाले काई झालं तं? सोबत माणसं पायजेत."

"आठ जण का माह्या बदल्यात संडासात जातीन?"

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सलाईन फुकट, गोळ्या फुकट, मीठ-साखरेच्या पुड्याही फुकट. डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. म्हणाली, "आजोबा, उद्या घरी जाल." रोगाचा खर्च तिथंच संपला. पुढचा सगळा सोबतीचा. मंडळी व्हरांड्यात चटई टाकून बसली, जशी नाटकाच्या मंडपात बसावी. आधी चहा, मग आलूबोंडे, मग खानावळीतल्या थाळ्या. एकानं वरून दही मागवलं. पोट माझं बिघडलेलं, दही त्याला.

रोग्यासोबत आलेल्याला उपाशी ठेवलं तर आमच्याकडे नाक कापलं जातं. म्हणून बायको कमरेच्या पिशवीतून नोटा काढत राहिली. त्या नोटा धान रोवण्याच्या मजुरीसाठी ठेवलेल्या. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, तयार होते, आठवड्यात चिखलात गेले नाहीत तर वाया जाणार होते. मी हातात सलाईनची सुई घेऊन तिच्याकडे पाहत होतो. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

सकाळी सुट्टी मिळाली, तर साळा नाराज. "एका बाटलीनं का होते? प्रायव्हेटमधी चला, तिथी तीन-तीन लावतेत."

"तुले लावाची असन तं लाव," म्हटलं आणि गाडीत जाऊन बसलो. गाडी रात्रभर थांबली त्याचं भाडंही आम्हीच दिलं.

घरी आलो तेव्हा पिशवीत एका मजुरापुरतेही पैसे नव्हते. मी काठी घेऊन आठही दारं फिरलो. उसने मागितले नाहीत, एक दिवस रोवण्याला या एवढंच म्हटलं. कोणाला लग्नाला जायचं होतं, कोणाला ताप येईल असं वाटत होतं. साळ्याची कंबर दुखत होती. दवाखान्याच्या फरशीवर रात्र काढणारी कंबर चिखलात वाकत नाही, असली ही जात.

दुसऱ्याच्या दारी पुन्हा जाणारा मी नाही. बायको आणि मी, दोघांनी जमेल तेवढं रोवलं. निम्मी बांधी रिकामी राहिली. उरलेले पऱ्हे पिवळे पडू लागले, तेव्हा मी त्यांत बैल सोडले.

साळा बांधीच्या कडेनं, धुऱ्यावरून चालला होता. थांबला.

"भाऊजी, उभे पऱ्हे बैलायले काऊन चारून राह्यले?"

"यायनं तरी नांगर ओढला," मी म्हटलं.