कानसेनांचा हात

गॅरेजवाल्या मिस्त्रींना सगळे ‘कानसेन’ म्हणत. गाडी फाटकाशी आली की नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं सांगत, आणि सांगितलं की ती दगडावरची रेघ. स्वभाव मात्र हट्टी. मुलगी त्यांच्याच हाताखाली पक्की मेकॅनिक झाली होती, पण शेवटचा शब्द बाबांचाच.

एकदा निवृत्त नर्सबाई आपली जुनी, गोल बॉनेटची गाडी घेऊन आल्या.

“मागून घरघर येतेय हो मिस्त्री. टायर बदलले, तरी हिचं रडगाणं सुरूच.”

मुलीला शेजारी बसवून कानसेनांनी एक चक्कर मारली. “मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय.”

उजवीकडे वळताना घरघर वाढते, हे मुलीने ऐकलं होतं. तेव्हा भार येतो डाव्या चाकावर. “बाबा, मला डावं वाटतंय.”

“वाटू दे.”

उजवं चाक उतरलं, बेअरिंग ओढून काढलं. आतल्या गोळ्या आरशासारख्या लख्ख! कानसेन ते बोटांत फिरवून पुन्हा पुन्हा बघत राहिले. बाबा अलीकडे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, ते का, हे मुलीला तेव्हा उमगलं.

“बाबा, तुम्हाला घरघर ऐकू आली होती?”

“नाही,” ते म्हणाले. “बारीक आवाज येतच नाहीत आता. अंदाजाने ठोकून दिलं. बाई, चुकलो मी.”

जन्मात कधी ‘चुकलो’ न म्हणालेला माणूस!

“मग कान तपासून घ्या,” नर्सबाई म्हणाल्या, “तोंड कसलं पाडताय?”

कानसेन उठले. “डावं चाक अधांतरी कर आणि फिरव.” त्यांनी चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवला, डोळे मिटले. “हेच. वाळू भरल्यासारखं खरखरतंय. ये, बघ.”

मुलीला आधी काहीच कळेना.

“दाबू नकोस, बोटं नुसती टेकव.”

आणि मग तिच्या बोटांना ती खरखर लागली.

बेअरिंग बाहेर आलं तेव्हा कड्यावर खवले उडालेले, सील फाटलेलं, ग्रीसचा काळा चिखल झालेला. आता उघडलंच आहे म्हणून दोन्हीकडे नवी बेअरिंग आणि नवी सील घातली. बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी कडी कानसेनांनी स्वतः तापवली आणि थंड व्हायच्या आत एका दमात दांड्यावर बसवली. त्या हाताला अजून तोड नव्हती.

गाडी नर्सबाईंनीच चालवून पाहिली. वळणावर त्या ओरडल्या, “अगं बाई, ही तर मुकीच झाली!”

तेव्हापासून मुलगी ऐकते, बाबा हात लावून बघतात, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय पान्याला हात लागत नाही. नर्सबाईंनी पिच्छा पुरवून कानसेनांना कानाचं यंत्रही घ्यायला लावलं. ते लावून गॅरेजात आले, पाना फिरवणाऱ्या मुलीजवळ उभे राहिले आणि तिला म्हणाले, “काम करताना तू इतकी बेसूर गातेस? मला कोणी सांगितलं कसं नाही?”