नानांच्या खिशातली टोपी

फोटो स्टुडिओत निगेटिव्हच्या बिघडलेल्या काचा कुणी फेकत नाही. आमच्या परळच्या स्टुडिओचा पोटमाळा त्यांनीच भरलाय. किश्शांचंही तसंच. एक काढायला जावं तर मागचे दहा खळखळतात. आणि मला खळ्ळ वाजलं की दचकायला होतं! परवा गिरगावात माझ्या फोटोंचं पहिलं प्रदर्शन झालं, तेव्हा जो तो विचारत होता, "शिकलात कुठे?" त्याचं खरं उत्तर हे.

*

दहाव्या वर्षी बाबांनी डबा कॅमेरा दिला. खटका दाबला की खट्ट होणार, या धास्तीनंच माझे हात आधी खाली जायचे. वर्षभर आमच्या घरात कुणालाच डोकं नव्हतं!

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आईचे पाय मात्र छान आलेत गं."

*

बी.ए. झाल्यावर नानांकडे लागले. नाना म्हणजे स्टुडिओचे मालक. साठीचे, मोजकं बोलणारे. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याला खटकाच नव्हता. लेन्सची टोपी काढायची, "एक, दोन, तीन" मोजायचं, टोपी लावायची. ती टोपी नाना रोज संध्याकाळी खिशात घालून घरी नेत. "कुणी हात लावायला नको!"

कुणी म्हणजे मी.

*

एकदाच हात लावू दिला. लग्नाचा एक मुलगा फोटोला बसला होता. मी "दोन" म्हणतेय तोच रस्त्यावरून गर्जना आली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" माझा धक्का स्टँडला. मुलाला दोन नाकं आली.

नाना काच उजेडात धरून म्हणाले, "मुलीकडच्यांना निवडायला बरं." मग माझ्याकडे वळले. "तू रिटचिंगला बस, काचेवरचे डाग बुजव. पेन्सिल दचकत नाही. ज्या दिवशी तूही दचकणार नाहीस, त्या दिवशी टोपी तुझी."

*

खुंटीवर स्टुडिओचा एकच काळा कोट असे. परळ-लालबागच्या निम्म्या गिरणी कामगारांचे फोटो त्या कोटातले. कोकणातल्या दोघा भावांनी आळीपाळीनं तोच घालून गावी फोटो धाडले. आईनं उलट टपाली विचारलं, "तो कोट खरो कोणाचो?"

नानांनी ते पत्र काउंटरच्या काचेखाली ठेवलं.

*

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एक बाई धम्मदीक्षेनंतर पांढरं लुगडं नेसून फोटोला आल्या. मी मन लावून त्यांच्या गालावरचे देवीचे व्रण पेन्सिलीनं बुजवले. फोटो बघून त्या म्हणाल्या, "ही कोण?"

"तुम्हीच."

"मी नाय. त्या साथीत घरातली चार माणसं गेली, मी राहिले. त्याची खूण हाय ती. परत घाला, पोरी."

दुपारभर बसून मी काचेवरची माझी सगळी पेन्सिल पुसली.

*

आणि ही शेवटची काच. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरच्या गोळीबारात गेलेल्या एका कामगाराची बायको आली. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोटो आम्हीच काढला होता. अर्थात कोटात.

"ह्यो कोट काढा," ती म्हणाली. "ह्यो त्येंचा न्हाई."

नाना हळूच म्हणाले, "बाई, कोटाच्या आतलं काचेवर येत नाही."

तिनं पिशवीतून सदरा काढला. धुतलेला, घडी घातलेला. खिशापाशी एक भोक. ती उठली, खुंटीवरचा कोट काढून नानांच्या हातात दिला आणि तिथं सदरा अडकवला.

"मग ह्येचा काढा."

नाना कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेले. बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता. टोपीकडे नुसतं बोट दाखवलं.

मी टोपी काढली. एक. खाली रस्त्यावर मोर्चा आला होता, खिडकीची तावदानं थरथरायला लागली. दोन. ती सदऱ्याकडे बघत होती. मीही. तीन. मी टोपी लावली.

त्या संध्याकाळी नाना टोपी न घेताच घरी गेले.