एसीचा गॅस कोणी नेला?

आमच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं की माणसं जमतात, आणि माणसं जमली की संशय जमतो. नागावच्या वाडीतल्या सुपाऱ्या एकदाच्या वेचून होतात, हे किस्से काही वेचून होत नाहीत.

उन्हाळ्यात गाडीचा एसी गरम वारा फेकायला लागला. सुमतीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन पनवेलला ठरलेलं. उकाड्यात गाडीत बसली की तिला चक्कर येते. एसी नीट व्हायलाच हवा होता.

शेजारचे गुरुजी बॉनेटमध्ये डोकावले. "गॅस गेलाय. म्हणजे कोणीतरी नेलाय!"

"गॅस कोण कशाला नेईल, गुरुजी?"

"तेच तर शोधायचंय!"

शाळा सुटली, पण वर्गातला चोर शोधायची सवय काही सुटली नाही.

*

तसा गुरुजींचा संशय जुना. एसी चांगला होता तेव्हा गाडीखाली पाणी ठिबकायचं. गुरुजींनी खाली वाटी ठेवली, वास घेतला. "कोणीतरी गाडीला भोक पाडलंय!"

दुसरा शेजारी सलीम. तो दुबईला ड्रायव्हर होता. म्हणाला, "गुरुजी, थंड तांब्याला घाम येतो ना? तसंच हाय हे. एसी चालला की पानी पडतंच."

तरी गुरुजींनी वाटी झाकून घरी नेली. पुरावा म्हणून!

*

आता गॅसचा चोर शोधायला डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा फिल्टर काढला. त्यात उंदरानं साठवलेली सुकट निघाली!

सुमती ओटीवरून बघत होती. "अहो, गाडीत कोणाला बसवता?"

"उंदराला."

"उंदीर बाजार करतो वाटतं!"

त्या दिवशी जेवणात सगळ्यांना सुकट होती. मला वरण; माझ्या वाटची म्हणे उंदरानं नेली.

*

शेवटी गुरुजी म्हणाले, साबणाचं पाणी लावा. फुगा येईल तिथं गळती. सलीम त्या दिवशी नेमका आला नाही.

पाइप कोरडे. पुढच्या जाळीच्या, म्हणजे कंडेन्सरच्या, खालच्या कोपऱ्यात मात्र भराभर फुगे आले. तिथं पत्रा मिठानं खाल्लेला, आणि खाचांत वाळू!

"ही गाडी समुद्रात जाऊन आलीये," गुरुजी कुजबुजले.

मी तर गाडी सुरूच्या झाडांपुढे कधीच नेत नाही. सुमतीला वाळूत चालवत नाही. ती म्हणते, "अजून थोडी पुढे घ्या ना." मी म्हणतो, "खारं लागेल गाडीला." मग आम्ही तिथूनच समुद्र बघून परततो.

*

दुसरी चावी सलीमकडे असते. मी अलिबागला गेलो आणि मागे सुमतीला काही झालं, तर गाडी काढता यावी म्हणून मीच दिलेली.

"त्याच्या जावयाच्या बोटी आहेत किनाऱ्यावर," गुरुजी म्हणाले. "त्या वाळूवर कशानं ओढत असेल?"

ज्याच्या घरची ईदची शेवई आमच्याकडे कधी चुकली नाही, त्याच्या दारात जायला पाय उचलेना. तरी गेलो.

"सलीम, गाडी समुद्रावर नेलीस?"

तो खाली बघत म्हणाला, "नेली, भाऊ."

"कशाला?"

"ते न्हाय सांगनार. जबान दिलीय." आणि त्यानं चावी माझ्या हातावर ठेवली.

"जबान जावयालाच दिली असणार!" परत आल्यावर गुरुजी म्हणाले.

*

अलिबागला नवा कंडेन्सर बसला, गॅस भरला. ऑपरेशनच्या दिवशी गाडीत गारेगार! सलीमच्या फाटकावरून गेलो, मी तिकडे बघितलं नाही.

वळणावर सुमती म्हणाली, "आधी समुद्राकडे घ्या. नंतर डॉक्टर पाय भिजवू द्यायचे नाहीत."

सुरूच्या झाडांशी थांबलो. मग मी गाडी हळूच वाळूत घातली आणि ओल्या वाळूच्या कडेला उभी केली. एक चावी गाडीला, दुसरी खिशात.

तिनं दार उघडून पाय खाली सोडले. पाणी पोचत नव्हतं.

"अहो, एवढ्यावर काय थांबता?" ती म्हणाली, "सलीमभाई तर चाकं भिजेपर्यंत नेतात!"