रविवारचं दूध

अॅलोपॅथीची गोळी गरम पडते, हे आमच्या घरात डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा मी हिंजवडीत नोकरीला लागले होते. त्याच सुमारास आईच्या पाठीचा मणका दबला. पडली नाही, जड उचललं नाही. नुसती शिंक आली. तपासणी झाली. हाडं विरळ झाली आहेत, असं निघालं. आठवड्याला एक गोळी सुरू झाली: सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

पहिल्याच रविवारी आईच्या छातीत जळजळ झाली. बाबा म्हणाले, "एवढी कडक गोळी आणि नुसतं पाणी? डॉक्टर शिकलेत खूप, पण आजीने काही शिकवलेलं दिसत नाही." पुढच्या रविवारपासून गोळीबरोबर पेलाभर कोमट दूध आलं. जळजळ थांबली. शिवाय दूध हाडांना चांगलंच. यावर कोण काय बोलणार?

ज्यांनी जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, ते बाबा रविवारी सगळ्यांच्या आधी उठून दूध तापवायला लागले. साय बाजूला काढायची, आईच्या हातात पेला द्यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत समोर बसायचं. आई या वयात चक्क लाजायची. मला ते बघायला फार आवडायचं.

आईला जिने नकोत म्हणून आम्ही बाणेरला लिफ्टचं घर घेतलं. तिथे ती बुटकी होत गेली. साड्या जमिनीवर लोळायला लागल्या. वरच्या फळीपर्यंत हात पोचेना, तेव्हा बाबांनी डबे खाली आणून ठेवले. मी काळजी केली की म्हणायचे, "गोळी चालू आहे ना? एक रविवार चुकवलेला नाही."

मग एका सकाळी दोरीवरचा टॉवेल काढायला आई वळली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, पण स्क्रू धरेनात. ओल आलेल्या भिंतीत खिळा बसत नाही तसं आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबा थर्मास घेऊन चहा आणायला खाली गेले होते. "गोळी कशी घेत होतात?" बाईंनी विचारलं. आईने रविवारच्या दुधाचं सगळं कौतुकाने सांगितलं.

बाईंनी हातातली फाइल मिटली. "काकू, दुधाबरोबर ती गोळी अंगी लागत नाही. दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच अडवतं. इतकी वर्षं घेतलीत ती न घेतल्यासारखीच." आता वर्षाला एक इंजेक्शन सलाइनमधून देऊ, उरलंय ते जपू, म्हणाल्या. चालण्याची आशा मात्र ठेवू नका.

माझं डोकं फिरलं. येऊ देत बाबा, चांगलं सुनावते, असं मी म्हणाले. आईने माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"ह्यांना सांगायचं नाही. डॉक्टर, तुम्हीसुद्धा नाही."

"अगं, तुझी हाडं गेली त्यांच्यापायी."

"गेली ना? आता सांगून परत येणार आहेत? ते जिवाला लावून घेतील."

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. मी त्यांच्या हातातून थर्मास घेतला आणि कपांत चहा ओतायला लागले.

आता गोळी बंद आहे. आई हॉलमधल्या पलंगावर असते. टेकवून बसवलं तर बसते. खिडकीतून समोरच्या नव्या इमारतीचे मजले चढताना बघते. मला तिच्याकडे बघवत नाही, आणि बाबांकडे तर त्याहून नाही. इंजेक्शनही गरमच असणार, असं म्हणून रविवारचं दूध त्यांनी चालू ठेवलं आहे.

परवा रविवारी नात्यातल्या एक बाई तिला भेटायला आल्या होत्या. बाबा त्यांना सांगत होते, "एवढी तरी हाडं टिकली ती दुधामुळे. नाहीतर ही कधीच पडली असती."

आईने दूध संपवलं आणि रिकामा पेला त्यांच्या हातात दिला.

"हो तर," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून."