शाबास म्हणायचं नाही

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, रागीट होता हे सांगणं म्हणजे विस्तव गरम असतो हे सांगण्यासारखं आहे. सगळे त्याला तोफ म्हणत. एकदा दार करकरतं म्हणून तो दाराशीच भांडला, आणि पुढे महिनाभर दार करकरलं नाही, हे माझी बायको आजही शपथेवर सांगते. जो समोर येईल तो त्याच्या लेखी गाढव. मी घरचा जावई, म्हणून मला 'जावईबापू' म्हणायचा. पण म्हणायचा असा, की त्यापेक्षा गाढव बरं.

हा माणूस घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेत मोतद्दार होता. घोड्यांचं दाणापाणी, खरारा, खुरं साफ करणं सगळं त्याच्याकडे. तबेल्याचा उंबरा ओलांडला की त्याचा आवाज एकदम जमिनीला टेकायचा. मी एकदा विचारलं, "दादा, इथे राग कुठे जातो हो?"

"जावईबापू, घोड्याला हळू बोललेलं कळतं. ओरडायला बाहेर तुम्ही आहातच की."

त्या तबेल्यात एक तांबूस घोडी होती. तिचं नाव पडलं होतं चावरी. मेव्हण्याकडे गरीब गाय, पण शिकायला येणाऱ्यांना चावा, नाहीतर लाथ. दोन पोरं पडली, एकाचा हात मोडला. मालक म्हणाला, "शनिवारी गाडी येईल. द्या पाठवून." त्या गाडीतून गेलेलं जनावर कधी परत येत नसे.

मेव्हणा भडकला. "दहा वर्षं पाठीवर पोरं बसवली, आणि आता गाडी? आधी तिला काय होतंय ते तरी बघा!"

"शनिवारपर्यंत तू बघ," मालक म्हणाला.

झालं. तोफ पालथ्या बादलीवर बसली आणि चार दिवस तोंड मिटून घोडीकडे बघत राहिली. घरी मात्र चार दिवसांचं साचलेलं आमच्यावर. बुधवारी तर त्याने जेवताना पाण्याच्या तांब्याला दम दिला.

"ती काम सुरू करताना चिडत नाही," मला म्हणाला. "काम नीट झालं की चिडते. असं कुठलं जनावर असतं, सांगा!"

 मी आयुष्यभर बैलांच्या शेपट्या पिरगाळलेला माणूस.

गुरुवारी बायकोने त्याचा डबा माझ्या हाती दिला, म्हणून मी तबेल्यात गेलो. नालबंद घोडीच्या मागच्या पायाला नाल ठोकत होता. घोडी पाय देऊन निवांत उभी. शेवटचा खिळा बसला, नालबंदाने तिच्या मांडीवर थोपटलं आणि प्रेमाने म्हणाला, "शाबास!"

लाथ अशी सुटली की बादली भिंतीवर, नालबंद गवतात आणि डबा माझ्या पायावर.

मेव्हणा हलला नाही. घोडीचे कान मागे चिकटले होते, अंग थरथरत होतं. तो जवळ जाऊन पुटपुटला, "काय झालं गाढवा? काय झालं?" हळूहळू कान पुढे आले. आणि मग त्याच्या कपाळावरची शीर फुगली.

त्याने मालकाला हाताला धरून आणलं, आणि शिकवणाऱ्यालाही. हा शिकवणारा म्हणजे चकचकीत बुटांचा बाबा. सगळे त्याला बूटवाला म्हणत. मेव्हण्याने त्याला अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं. आवाज साखरेसारखा. "गुरुजी, घोड्याला जोरात पळवायचं असलं तर तुम्ही कसं करता? जरा दाखवा."

बूटवाला फुशारला. चाबूक स्वतःच्या बुटावर सपासप मारत ओरडला, "शाबास! शाबास! शाबास!"

इतक्या लांबून ऐकूनही ठाणावरच्या घोडीने मागचे दोन्ही पाय भिंतीवर झाडले. पांढरा फेस तोंडाला.

"ऐकलंत?" मेव्हणा मालकाला म्हणाला. "या माणसाने दर फटक्याला शाबास म्हटलं. पोरं बिचारी तिच्या मानेवर हात फिरवून शाबास म्हणतात, आणि तिला वाटतं, आता पडला फटका! चावरी म्हणे! चावरे तुम्ही! जगातला सगळ्यात गोड शब्द नासवलात, आणि गाडीत कोण जाणार? ती?"



मालकाने जाऊन बूटवाल्याच्या हातातला चाबूक काढून घेतला. मग म्हणाला, "घोडी राहील. चाबूक जाईल. पण तिला शाबास ऐकायला शिकव."

"का म्हणून? तुमची जीभ वळवा. तिने खूप ऐकलं."

दुसऱ्या दिवशी तिच्या ठाणाबाहेर पाटी लागली, मेव्हण्याच्या वाकड्या अक्षरात: इथे शाबास म्हणायचं नाही. गाढव म्हणा. आणि शहाणी, स्वच्छ कपड्यांतली पोरं स्वारी झाल्यावर घोडीच्या मानेवर हात फिरवून हळूच "गाढवा, गाढवा" म्हणू लागली. एकाही पोराला लाथ बसली नाही.

शनिवारी गाडी आली आणि रिकामी परत गेली. मी तिच्या ठाणाशीच उभा होतो. मला इतका आनंद झाला की मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारून ओरडलो, "दादा, शाबास!"

त्याने गवताच्या वासाचा हात माझ्या तोंडावर दाबला. डोळे लालबुंद. पण आवाज? आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर हळू आवाजात चिडला.

"गाढवा," एवढंच म्हणाला.

मला म्हणाला की घोडीला, ते मला अजून कळलेलं नाही. घोडीचे कान मात्र पुढे आले.