शून्य सेलमधलं पान

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते... चहाबरोबर, आणि खरं सांगायचं तर चुका काढायला. हमखास अमावास्या असते, गाडी पुलावरच बंद पडते आणि सांगणाऱ्याच्या मोबाईलला रेंज नसते. माझा प्रसंग सकाळी साडेअकराचा आहे. बाहेर रणरणतं ऊन, डोक्यावर ट्यूबलाईट, समोर साठेक माणसं आणि एक कर्णकर्कश लाऊडस्पीकर. रेंज उत्तम होती, कारण तिथलं वायफाय मीच लावलं होतं. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता आणि हे लिहितानाही नाही. तरी लिहिते आहे... जे कॉम्प्युटरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, सापडत नाही ते कुठेतरी नोंदवलेलं असावं म्हणून.

मी मूळची आदिलाबादची. नोकरी हैदराबादला, एका छोट्या कंपनीत. काम प्रायव्हेट क्लाऊड उभारण्याचं. क्लाऊड म्हणजे आकाशात काही नसतं. कुणाच्या तरी खोलीत पंखे घरघरवत बसलेले कॉम्प्युटर असतात, एवढंच. गेल्या वर्षी आमच्याच गावच्या एका शिक्षणसंस्थेचं काम आलं. मराठी येणारी मी एकटी, म्हणून मला पाठवलं.

संस्थेच्या तीन शाळा : आदिलाबाद, बोथ आणि तलमडुगु. तिन्हींची जुनी दाखल-खारीज (प्रवेश आणि शाळा सोडल्याची) रजिस्टरं स्कॅन करून ठेवायची, म्हणजे कुणी जन्मतारखेचा उतारा मागितला की पडद्यावर नाव टाकलं की पान समोर. आम्ही तीन सेल आखले, प्रत्येक गावाला एक. प्रत्येक सेलचे स्वतःचे कॉम्प्युटर, स्वतःचा डेटाबेस. आदिलाबादला वरचं कार्यालय, जे फक्त ‘हे अमुक सेलमध्ये आहे’ इतकंच सांगतं. एका सेलचे दिवे गेले तरी बाकीचे दोन चालू. कागदावर फार देखणं दिसतं. मात्र स्वतंत्र लाईन टाकायला संस्था तयार नव्हती. त्यामुळे तिन्ही सेल एकाच सामायिक नेटवर्कवर. त्याच तारेवर हजेरीचं मशीन, त्याच तारेवर अध्यक्षांच्या जावयाचे कोचिंग क्लास आणि त्या क्लासचे सोळा सीसीटीव्ही कॅमेरे.

आणखी एक सेल असतो, तो आपोआप तयार होतो. त्याला सेल शून्य म्हणतात. एखादं आभासी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, तयार करायला सांगितलं आणि कुठल्याच सेलमध्ये त्याला जागा मिळाली नाही, की त्याचं नाव सेल शून्यात लिहिलं जातं. तिथे कॉम्प्युटर नसतो, डिस्क नसते, तार नसते. ती नुसती यादी. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची.

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रजिस्टर स्कॅन करायचं काम बाबाराव करत. संस्थेचे जुने कारकून, निवृत्त होऊनही रोज येणारे. मी पहिल्यांदा गेले तो मे महिना होता. एका जुनाट कॉम्प्युटरपुढे बसून ते तलमडुगुची रजिस्टरं पानापानानं स्कॅन करत होते. वाळवीनं खाल्लेली पानं नीट बसेनात, म्हणून कोपरा अंगठ्यानं दाबून धरायचे. परिणामी प्रत्येक स्कॅनच्या खालच्या कोपऱ्यात बाबारावांचा अंगठा, नखाला शाई लागलेला. मी म्हटलं, “बाबाराव, अंगठा येतोय सगळीकडे.”

“येऊ दे ना. मी नाही राह्यलो तर समजन, कोनं केलं ते.”

मग मी त्यांना शोधाचा पडदा दाखवला. गाव, नाव, इयत्ता.

“अन् आईचं नाव?”

“त्याची गरज नाही.”

“काऊन नाही? मी चाळीस वर्सं उतारा देल्ला, आईचं नाव इचारल्याबिगर एकबी नाही. एका गावात सुलोचना नावाच्या चार पोरी भेटतात. आई जिची तिची.”

मी म्हटलं, पुढच्या व्हर्जनमध्ये पाहू. आमच्या धंद्यात ‘नाही’ असं म्हणायची ही सभ्य पद्धत आहे.

दिवाळीनंतर बाबाराव गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. तोवर तलमडुगुचं सगळं स्कॅन झालं होतं, आणि चांगलंच झालं, कारण पावसाळ्यात त्या कपाटातलं जे वाळवीनं सोडलं होतं ते ओलीनं नेलं.

आता माझी चूक. क्लाऊडचं उद्घाटन उन्हाळ्यात ठरलं. त्याच्या आठ दिवस आधी बाबारावांच्या कॉम्प्युटरची पूर्ण प्रत मी आदिलाबादच्या सर्व्हरवर चढवली. पडद्यावर ‘पूर्ण’ असं आलं. मी ताडून पाहिलं नाही. मंडप, फ्लेक्स, पाहुण्यांची यादी यांत सगळे असे गुंतले होते की मलाही घाई झाली. जुना कॉम्प्युटर मी संस्थेच्या ऑफिसला परत दिला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या प्रतीवरून तलमडुगुसाठी आभासी मशीन बनवायला गेले, तर तिथल्या कॉम्प्युटरची अर्धी मेमरी बंद. एका गावाचं मशीन दुसऱ्या सेलमध्ये ठेवायचं नाही असं ठरलेलं, त्यामुळे जागा मिळाली नाही, नाव गेलं सेल शून्यात. इथवर काही बिघडलं नव्हतं, सुटा भाग आठवड्यात आला असता. पण शंका आली म्हणून प्रत उघडली... ती अर्धीच होती. सामायिक तारेवर कॅमेऱ्यांची गर्दी झाली असावी, चढवणं मध्येच तुटलं असावं. जे आलं होतं त्यात एकही स्कॅन नव्हता. मी धावत जुना कॉम्प्युटर शोधायला गेले. तो फॉरमॅट करून कोचिंग क्लासला दिला होता. त्यावर सायकल स्टँडचं रेकॉर्डिंग चालू होतं.

म्हणजे तलमडुगुच्या शाळेत शिकलेल्या सगळ्यांच्या जन्मतारखा मी पुसल्या होत्या. हे हैदराबादचा माझा सहकारी किरण याच्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. उद्घाटनानंतर सांगू, असं ठरवलं. भेकडपणा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच सुलोचनाबाई आल्या. संस्थेच्या बोथच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करतात. लुगड्याच्या पदरात आधार कार्ड गुंडाळलेलं.

“ताई, मी तलमडुगुले चौथीपर्यंत शिकली. आधारवर त्यानं एक जानेवारी टाकली अन् सालबी मनचंच. त्या हिशोबानं मी साठ झाली. माही उमर चौपन! आज तीन वाजता मीटिंग हाय, कामावरून माहं नाव कमी करून राह्यले. शाळेचा उतारा आना म्हनतात.”

“घरी कोण आहे?”

“कोन राहते? मीच. वसतिगृहातच खोली हाय. काम गेलं का खोली गेली.”

मी म्हटलं, बसा. दुसरं काय म्हणणार होते?

साडेदहाला सोहळा सुरू झाला. फ्लेक्सवर तीन भाषांत ‘आपला स्वतःचा ढग’ असं छापलं होतं, आणि ढगातून अध्यक्षांचा हसरा चेहरा बाहेर आला होता. राऊटरला झेंडूचा हार. सर्व्हरच्या कपाटाला लाल फीत. यूपीएससमोर नारळ फुटला तेव्हा पाणी नेमकं कुठे जाईल हे ओळखून मी टॉवेल घेऊन उभी होते. माझ्या सगळ्या प्रशिक्षणाचा त्या दिवशीचा सर्वोच्च उपयोग तोच. चार भाषणं झाली. एका पाहुण्यानं क्लाऊडमुळे यंदा पाऊस चांगला होईल असा विनोद केला आणि त्यावर टाळ्या पडल्या.

मग अध्यक्ष माईकवरून म्हणाले, “आता आपन लाईव्ह दाखवू! कोनाले उतारा पाहिजे?”

सुलोचनाबाई उठल्या. मी मंचामागून खुणा केल्या, मग सरळ जवळ जाऊन सांगितलं, “साहेब, बोथचं कुणीतरी घ्या. तलमडुगु अजून...”

“मॅडम, घाबरू नका. आमी करून राह्यलो ना!”

त्यांच्यापुढे नवा लॅपटॉप होता. त्या सकाळीच खोक्यातून काढलेला, वरचा प्लास्टिक कागदसुद्धा निघाला नव्हता. एका बोटानं त्यांनी टाईप केलं : तलमडुगु, सुलोचना, चौथी. मोठ्या पडद्यावर साठ माणसं पाहत होती. पडद्यावर शोधाचा गोल फिरू लागला. मला ठाऊक होतं काय येणार : ‘नोंद सापडली नाही’. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

ते आलं नाही. एक चौकोन आला. त्यावर लिहिलं होतं, ‘आईचे नाव सांगा’.

असा चौकोन आमच्या शोधाच्या पोर्टलमध्ये नव्हता.

अध्यक्षांनी कौतुकानं मान हलवली. “वा, सिक्युरिटी! बाई, आईचं नाव बोला.”

सुलोचनाबाई माईकपासून लांब होत्या, तरी नीट ऐकू आलं. “गंगूबाई.”

अध्यक्षांनी टाईप केलं. मोजून चार सेकंद. मग पान उघडलं... पिवळट, एका बाजूनं वाळवीनं कुरतडलेलं, बारा नावं. सातवी ओळ सुलोचना, आई गंगूबाई, खाली जन्मतारीख. त्या हिशोबानं वय चौपन्न. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात, नखाला शाई लागलेला अंगठा.

टाळ्या वाजल्या. तलमडुगुच्या मुख्याध्यापिकांनी मंचावरच पान छापून त्यावर सही-शिक्का मारला. फोटो निघाले. त्या फोटोत मी आहे. तोंड किंचित उघडं.

तीन वाजता मीटिंग झाली आणि कमी करायच्या यादीतून सुलोचनाबाईंचं नाव निघालं.

त्याआधीच, मंडप रिकामा झाल्याबरोबर, मी कामाला बसले होते. ते मशीन सेल शून्यातच होतं. स्थिती : एरर. कॉम्प्युटर : काही नाही. पत्ता : काही नाही. पोर्टलच्या लॉगमध्ये दिसत होतं की विचारणा त्याच मशीनच्या नावावर गेली आणि उत्तर आलं. कुठून आलं, तो रकाना कोरा. पोर्टलचा कोड ओळ न् ओळ वाचला, ‘आईचे नाव’ हे शब्द कुठेही नाहीत. अर्धी प्रत पुन्हा तपासली. तिन्ही सेलच्या डिस्क शोधल्या. कोचिंग क्लासच्या डिस्कवर पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर दोन दिवस चालवलं, सायकली मिळाल्या. मी स्वतः तोच शोध पुन्हा केला, आईच्या नावाचा चौकोन येतो का पाहायला. ‘नोंद सापडली नाही’.

किरण फोनवर म्हणाला, “ब्राऊझरनं आधीचं साठवलेलं पान दाखवलं असेल.” खोक्यातून सकाळी निघालेल्या लॅपटॉपमध्ये आधीचं काय साठणार, असं मी विचारलं. त्यानं विषय बदलला.

पान बनावट तर नाही ना, हेही पाहिलं. त्या पानावरच्या उरलेल्या अकरा जणांपैकी दोघांचा पत्ता लागला. एक बसकंडक्टर, एक तलमडुगुलाच शेती करणारे. दोघांकडे जुने दाखले होते. दोन्ही तारखा जुळल्या.

बाबारावांच्या घरी गेले. कुठे पेनड्राईव्ह, सीडी, काही? त्यांच्या पत्नी कपबशी पुढे सरकवत म्हणाल्या, “त्याईले मोबाईलवर फोटो पाठवता नव्हता येत, बापा. तुमी काय पेनड्राईव्ह इचारता!”

संस्थेला मी सगळं सांगितलं. म्हणजे माझी चूक सांगितली. अध्यक्षांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तर स्वतः पान उघडलं होतं, साठ साक्षीदार होते. तलमडुगुची माणसं आता उतारा मागायला आली की मी जे आहे ते सांगते आणि जुन्या निकालपत्रकांवरून काय जुळवता येईल ते जुळवते. काम हळू चालतं. काहींचं जुळतही नाही.

महिन्याभरानं बोथला गेले तेव्हा सुलोचनाबाई भाकरी थापत होत्या. मी त्यांनाही सांगितलं, की ते पान आमच्याकडे नव्हतं आणि कसं आलं ते मला अजून समजलेलं नाही.

त्यांनी तव्यावरची भाकर उलटली. “काऊन नाही येईन ताई? मी आईचं नाव सांगितलं ना.”

कुणी वाचकानं साधं, तांत्रिक स्पष्टीकरण दिलं तर मी मनापासून आभार मानीन. पुढच्या व्हर्जनमध्ये आईच्या नावाचा चौकोन मी टाकला आहे. आणि दर महिन्याच्या देखभालीत सिस्टीम मला विचारते की सेल शून्यात एक नादुरुस्त मशीन आहे, काढून टाकायचं का. त्यापुढे कारणासाठी एक रकाना असतो. मी दर वेळी ‘नाही’ म्हणते आणि तो रकाना कोरा ठेवते.